केळीच्या सोपटावरची अक्षरं

"याला हवा कमी पडते," असं म्हणून माझा मित्र स्वतःच एक लांब श्वास घ्यायचा. जणू समोरच्या पाटीवरच्या 'ठ'चा श्वास अडकलाय आणि त्याच्या वतीने तो घेतोय.

आगाशीच्या बाजारात त्याच्याबरोबर जाणं म्हणजे खरेदी राहून जाणं. दुकानाची पाटी दिसली की स्वारी थांबलीच. दुकानदार विचारायचा, "काय देऊ?" हा म्हणायचा, "मला काही नको. तुमच्या 'ध'ला थोडी हवा द्या." मग दुकानदाराची माफी मी मागायचो. माझा स्वभावच तसा आहे. चूक कोणाचीही असो, ओझं माझ्या पाठीवर. पापांची कबुली द्यायला गेलो की आमचे फादर वैतागून म्हणायचे, "मास्तर, तुमची पापं सांगा. शेजाऱ्याची तो स्वतः येऊन सांगेल."

एकदा एका लग्नात घट्ट कोट घालून बसलेल्या नवरदेवाकडे बघून तो माझ्या कानात म्हणाला, "याला हवा कमी पडते." मला हसू आवरेना. सरबत नाकातून बाहेर आलं. त्या नवरदेवाची माफी मागायची माझी अजून राहिली आहे.

आमची घरं बोळिंजच्या पुढे, शेजारी शेजारी. त्यांची केळीची वाडी मोठी, आमची नावापुरती. मी गावच्या शाळेत मास्तर झालो होतो. तो माझ्याहून लहान. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, आणि हा रोज विरारहून गाडी पकडून मुंबईला चित्रकलेच्या शाळेत जायचा. जाहिरातींची, पुस्तकांची, छपाईची कला शिकायचा. गावाने त्याचं नाव पार बदलून टाकलं होतं. लहानथोर सगळे त्याला 'आर्टिस्ट' म्हणायचे, आणि त्यात कौतुकापेक्षा काळजी जास्त असायची.

शेवटच्या वर्षाला त्याने एक नवं अक्षरवळण करायला घेतलं. म्हणजे छापखान्यात धातूचे जे खिळे जुळवतात, त्यांच्यासाठी अक्षरांचा एक अख्खा नवा संच. अ पासून ज्ञ पर्यंत, सगळी एका घरातली वाटली पाहिजेत आणि पूर्वी कोणी काढलेली नसली पाहिजेत. हे त्याच्या वडिलांना समजावणं माझ्याकडे आलं.

"अक्षरं आहेत की आधीच," ते म्हणाले.

"आहेत, पण हा नवीन वळणाची करतोय."

"जुनी संपली काय?"

वडील केळीची वाळलेली पानं कापत होते. कोयता न थांबवता म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्याचे मित्र म्हणून सांगतो. यंदा पास झाला तर त्याची वाट तो धरो. नाही झाला तर माझ्या हाताखाली वाडीत. मला आता एकट्याने होत नाही."

ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. ते दमून बोलले, म्हणून तो शब्द पक्का होता.

आर्टिस्टने कुंचल्याने अक्षरं काढून पाहिली. मास्तरांनी, म्हणजे त्याच्या शाळेतल्या, "छान, पण हे कोणीही काढेल," असा शेरा दिला. मग एके दिवशी तो वाडीत पाडलेल्या केळीच्या खोडाशी चाळा करत बसला होता. जाड, पाणीदार सोपटावर, म्हणजे खोडाच्या सालीच्या थरावर, सुरी चालवता चालवता त्याने एक 'ल' कापला. केळीच्या सोपटात टोकदार कोपरा नीट निघत नाही, सुरीला वळसा घेऊनच जावं लागतं. तो 'ल' असा काही गोल, ऐसपैस निघाला की तो ओरडला, "मास्तर, याला हवाच हवा!"

तेव्हापासून वाडीत अक्षरांचा कारखाना सुरू झाला. सोपटावर उलटं अक्षर कोरायचं, रंगात बुडवायचं, कापडावर ठसा उठवायचा, आणि जो ठसा जमेल तो कागदावर उतरवून घ्यायचा. चुकलेली अक्षरं म्हैस खायची. क आणि झ तिने सगळ्यांत जास्त खाल्ले. "ही तुमच्या शाळेतल्या पोरांच्या पुढे गेली," तो मला म्हणायचा.

अक्षरं शेजारी शेजारी कशी दिसतात ते बघायला त्याला शब्द लागत. ते मी पुरवायचो. "'ळ' आणि 'झ' दोन्ही येतील असं काहीतरी द्या." मी दिलं, 'बाळ झोपलं'. मग त्याच्या जुन्या धोतरावर, गोणपाटावर, पंचावर, सगळीकडे बाळ झोपलं. त्याची आई वाळत घातलेले कपडे काढताना म्हणाली, "आधी लग्न तरी कर रे मेल्या."

त्या वर्षी गावच्या सणाला बिशप यायचे होते. चर्चच्या फाटकावर लांबलचक स्वागतफलक हवा होता. परीक्षेला नुसती अक्षरं काढून चालणार नव्हती, ती कुठेतरी वापरलेली दाखवायची होती. फलक लावायचा, त्याचा फोटो काढून घ्यायचा आणि परीक्षकांपुढे ठेवायचा, असं ठरलं. कापड कुठून आणायचं? त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या मांडवासाठी आणलेलं पांढरंशुभ्र कापड घरात होतं. ते मागायला अर्थातच मी गेलो. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. कपड्यांची नीळ वापरतोय, धुतली की जाईल," मी वडिलांना म्हटलं. माझ्या शब्दावर त्यांनी कापड दिलं.

दुपारभर ठसे उठवले. मोठ्या अक्षरांत 'आपले स्वागत असो'. आणि परीक्षकांना सगळी अक्षरं दिसावीत म्हणून खालच्या काठाला लहान अक्षरांत अ पासून ज्ञ पर्यंत नक्षी. निळंशार, देखणं काम झालं होतं.

केळीचा चीक कपड्याला लागला की तपकिरी डाग पडतो आणि तो जन्मात जात नाही, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. आम्हाला का सुचलं नाही? कारण आमचे सगळे प्रयोग वाडीतल्या जुन्या कपड्यांवर झाले होते, आणि ते कपडे मुळातच डागांनी तपकिरी होते. त्यात नवा डाग दिसणार कुठे?

सणाच्या दिवशी ऊन चढलं तशी निळ्या अक्षरांभोवती तपकिरी कड उगवू लागली. चर्चमधली मिस्साची प्रार्थना सुटेपर्यंत फलकावर कोणीतरी चहाची किटली उपडी केल्यासारखं दिसू लागलं. फोटोवाल्याने फोटो काढला. त्यात नुसता चिखल आला. सणाला आलेली पाचूबंदरची एक मावशी खालची मुळाक्षरं बघून मोठ्याने म्हणाली, "आता बिशपला पन बाराखडी शिकवनार काय रं तुमी?" सगळं फाटक हसलं. बिशपही हसले. वडील हसले नाहीत. आर्टिस्ट फलकाकडे पाठ करून उभा होता.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी स्वतः कापड धुतलं. मी विहिरीवर हात जोडून उभा. नीळ खळखळून गेली. चीक राहिला. आणि मग वडील, मी आणि मागे उभा असलेला आर्टिस्ट, तिघेही कापडावर वाकलो. निळा रंग गेल्यावर पांढऱ्यावर नुसती तपकिरी अक्षरं उरली होती, सुरीने कापली तशी, वळसेदार, मोकळी.

"आता मांडवात हेच लागणार," वडील एवढंच म्हणाले.

लागलं. 'आपले स्वागत असो' लग्नालाही चालण्यासारखं होतं, हे नशीब. जेवायला बसलेली माणसं माना वर करून वाचत होती. वसईकडच्या एका पाहुण्याने वडिलांना विचारलं, "कुठल्या छापखान्यातनं करून आणलंत हो?"

वडील वाढता वाढता थांबले. "घरचं पीक आहे," ते म्हणाले. पुढच्या पंगतीला त्यांनी कोणी विचारायची वाट बघितली नाही.

पुढचं आधी सांगून टाकतो. तो पास झाला. खिळे ओतणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागून दूर गेला. त्याचं वळण मात्र धातूत कधी उतरलं नाही. "फार जागा खातात तुमची अक्षरं," असं कारखान्याचं मत पडलं. त्याने पत्रात लिहिलं, 'खाणारच. केळीवर वाढली आहेत.' आयुष्यभर तो दुसऱ्यांची अक्षरं घासूनपुसून देत राहिला. गेल्या वर्षी तो गेला. वाडीत ती सुरी धरणारं आता कोणी नाही.

पण मला तो आठवतो तो परीक्षेच्या दिवशीचा. फोटो बिघडलेला, म्हणून कापडच घेऊन जायचं ठरलं. घडी घालून वडिलांनी ते खांद्यावर घेतलं, आणि जन्मात पहिल्यांदा ते त्या शाळेत शिरले. दालनात कापड लावायला खुंटी नव्हती. एक टोक मी खिडकीच्या गजाला बांधलं. दुसरं वडिलांनी हातात धरलं, हात वर करून. परीक्षक आले. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. त्यातल्या एकाने विचारलं, "हा रंग कसला?" आर्टिस्ट सांगू लागला: सोपट, सुरी, वळसा, म्हैस. ते बोलत बोलत दालनाबाहेर पडले, तोही बोलतच त्यांच्यामागे गेला. जिन्यावरून त्यांचं हसणं ऐकू आलं, त्यात त्याचंही होतं.

मी गजाची गाठ सोडायला लागलो. "चला बाबा, झालं. सोडा आता."

"राहू दे, मास्तर," ते म्हणाले. त्यांनी टोक आणखी थोडं वर धरलं. "कोणाचं बघायचं राहिलं असेल."