नखात येतो तो खवला

१९९३ साली पेणात बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, बोटांवर मोजण्याइतकी घरं उरली होती. त्यातल्या एका घरात ज्युडिथबाई रोहेकर एकट्या राहायच्या. सत्तरी उलटलेली, काचबिंदूने दोन्ही डोळे नेलेले, जीभ मात्र शाबूत. त्यांच्यात पर आणि खवले असलेलाच मासा चालतो. अनोळखी मासा आला की आळीतल्या बायका तो ताटात घालून ज्युडिथबाईंकडे यायच्या, आणि बाई म्हणतील तो निकाल. त्या बायका कधीच्या इस्रायलला गेल्या.

आता मुलगा जोसेफ त्यांना न्यायला आला होता. वीस वर्षं तिकडे राहिलेला, स्वभावाने चांगला, पण आईचं तिकीट काढूनच आलेला. बाई नाय म्हणाल्या तेव्हा त्याने नको तिथे बोट ठेवलं. तुला दिसत नाही, मासेवाली सगुणा देईल ते तू खातेस, उद्या तिने बिनखवल्याचा शिंगाळा दिला तरी तुला कळायचं नाही, असं तो म्हणाला. बाईंना ते फार लागलं. रात्री त्या जेवल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी सगुणा आली. वडखळच्या पुढून, खाडीकाठच्या गावातून ती तीस वर्षं या घरी मासे घालत होती. आज तिचा चेहरा नुसता फुलला होता. तिच्या भावाच्या बोटीला खोल समुद्रात एक अजब मासा मिळाला होता: चौकोनी, पिवळा, डोळ्यांवर दोन शिंगं, मागे दोन काटे आणि अंगभर षटकोनी चिलखत.

“मावशी, जोसेफदादासाठी खास आणलाय. खवलेच खवले हायत बघा.”

जोसेफने मासा उलटसुलट पाहिला आणि तोही खूश झाला. एवढे मोठे खवले त्याने जन्मात पाहिले नव्हते. आज रात्री शब्बाथच्या जेवणाला हाच करू, म्हणाला.

ज्युडिथबाईंनी हात पुढे केला. शिंग बोटात घुसलं, रक्त आलं, त्यांनी ते पदराला पुसलं. मग अंगठ्याचं नख शेपटाकडून डोक्याकडे ओढलं. एकदा, दोनदा, तीनदा.

“खवला नखात येतो, कातडी जागेवर ऱ्हाते,” त्या म्हणाल्या. “ह्याचं काय बी येत नाय. हे हाड हाय. ह्यो आपला नव्हं.”

जोसेफने सुरी घेतली. चिलखत तसूभरही सुटलं नाही. सगळा मासा म्हणजे एक हाडाची पेटी होती. त्याने सुरी खाली ठेवली आणि आईच्या अंगठ्याकडे पाहिलं. सगुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस वर्षांत पहिल्यांदा तिने या घरी चुकीचा मासा आणला होता, तोही प्रेमाने.

“गप गो,” बाई म्हणाल्या. “डोळे असलेला माझा लेकबी फसला. पाटीत दुसरं काय हाय?”

पाटीत जिताडा होता. बाईंनी जोसेफला जवळ बसवलं, त्याचा अंगठा आपल्या हातात धरला आणि जिताड्याच्या शेपटाकडून वर ओढला. पांढरा ओला खवला त्याच्या नखात आला.

“आला?” त्यांनी विचारलं.

“आला, आई.”

“मग आता तू एकटा जा. मासा मला इथं वळखता येतो, तिकडं आता तुला बी.”

जोसेफने तिकिटाचं नाव पुन्हा काढलं नाही. आईच्या बोटातून अजून रक्त येत होतं; तो तिला हात धुवायला घेऊन गेला.