बुबुळाला वारा लागू द्या

रत्नागिरीत डोळ्यांचा दवाखाना चालवला की दोन गोष्टी घरात साठतात. मोतीबिंदूवाले बरे झाले की फणस आणून देतात. कॉन्टॅक्ट लेन्सवाले किस्से देतात. फणस संपतो तरी.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आमच्याकडे सॉफ्ट लेन्सचं वेड आलं. मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायचो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू थेट हवेतून मिळतो. वर लेन्स आली की तो कमी पडतो आणि लेन्स घालून झोपलात तर पडदा चक्क सुजतो. लोक मान हलवायचे. तिथेच मला संशय यायला हवा होता.

हातखंब्याचे एक क्लार्क लालभडक डोळे घेऊन आले. रोज लेन्स घालून झोपत होते.

"अहो, कॉर्नियाला हवा लागते म्हणून सांगितलं होतं ना?"

"लक्षात आहे डॉक्टर. म्हणून तर फॅन पाचवर ठेवतो."

"आणि डोळे?"

"डोळे मिटूनच की. उघडे ठेवून झोप कशी लागेल?"



दोन सख्ख्या बहिणी आल्या, दोघींचे डोळे चिकटलेले. नंबर दोघींचा सारखाच, म्हणून घरात लेन्सची एकच जोडी. मोठीचं कॉलेज सकाळचं, धाकटीचं दुपारचं. मी कपाळाला हात लावला.

"निदान रविवारी तरी लेन्सला सुट्टी देता ना?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग धाकटी म्हणाली, "रविवारी आई घालते."

पालीच्या एका बागायतदाराच्या मुलाचं लेन्सचं सोल्यूशन संपलं. त्याच्या आईने डबीत विहिरीचं पाणी भरून दिलं. डोळा सुजला. विहिरीच्या पाण्यातले जंतू लेन्सला चिकटतात आणि कॉर्निया पोखरतात, असं मी जरा चढ्या आवाजात सांगितलं. बाई मुलाला घेऊन तरातरा निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन हजर.

"चार पिढ्या हेच पाणी पितायत, एकाचा डोळा गेला नाही. प्या हो डॉक्टर."

मी प्यायलो. पाणी खरंच गोड होतं. मुलाचा डोळा निवळायला मात्र पुढे बरेच दिवस लागले.

आता अंजलीचा किस्सा. नाव अर्थातच बदललंय. शाळेत शिक्षिका, नंबर उणे नऊ. चष्मा बघून दोन स्थळं परत गेली होती, म्हणून आईने लेन्स घ्यायला लावल्या. तिसरं स्थळ मूळ दाभोळचं, मुलगा मुंबईत नोकरीला. तो कधीही येईल म्हणून पोरगी दिवसरात्र लेन्स घालून बसली आणि उजव्या कॉर्नियावर पांढरा ठिपका घेऊन माझ्याकडे आली. अल्सर, म्हणजे चिघळलेली जखम. ठिपका मध्यभागाच्या अगदी जवळ होता. मला खरंच भीती वाटली.

"आता लेन्स घातलीस तर हा डोळा जाईल," मी म्हटलं.

"रविवारी बघायला येतायत," आई म्हणाली. "अर्धा तास फक्त."

"अर्धं मिनिटसुद्धा नाही. चष्मा लावा."

"नको गो बाई! बिनचष्म्याचीच बसेल. घर तिला पाठ आहे."

रविवारी सकाळी दवाखाना बंद असताना एका तरुणाने दार ठोठावलं. रात्रभर लेन्स घालून मुंबईच्या बसमध्ये झोपलेला, दोन्ही कॉर्निया सुजलेले. मी लेन्स काढून घेतल्या आणि आठवडाभर चष्मा लावायला सांगितलं.

"डॉक्टर, दुपारी मुलगी बघायला जायचंय. फोटो बिनचष्म्याचा दिलाय."

कुणाकडे, ते त्याने सांगितलं. अंजलीचंच घर. मी फक्त थेंबांची चिठ्ठी लिहून दिली. एका पेशंटचा आजार दुसऱ्याला सांगायचा नसतो.

सोमवारी अंजली आणि तिची आई पेढे घेऊन आल्या. दोन्हीकडून पसंती होती.

"कसा आहे मुलगा?" मी अंजलीला विचारलं.

"उंच आहे," ती म्हणाली. थोडा विचार करून म्हणाली, "आवाज चांगला आहे."

गुरुवारी ती एकटीच तपासणीला आली. ठिपका आकसत होता की नाही हे बघायचं होतं. त्याच सकाळी, डोळ्यांसाठी रजा वाढवून राहिलेला तोही आला. आत माझं एक ऑपरेशन लांबलं, म्हणून दोघं समोरासमोरच्या बाकांवर अर्धा तास बसून होते, डोळ्यांवर जाडजूड चष्मे. आमच्या रिसेप्शनच्या मालूताई सांगतात, पेपराची पानंसुद्धा वाटून घेतली, पण ओळख शून्य.

मग तो म्हणाला, "ऊन तुमच्या डोळ्यांवर येतंय. दार लोटू का?"

अंजली दचकली. तिने पेपर खाली ठेवला आणि हळूच चष्मा काढून मांडीवर घेतला.

तो दार लोटून वळला आणि जागीच थांबला. चष्म्यातून त्याने तिच्याकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं.

मी बाहेर आलो तेव्हा तो तिच्या शेजारी बसला होता. स्वतःचा चष्मा त्याच्या हातात होता आणि तो तिचा चष्मा लावून बघत होता.