एकोणीस नंबरचा सज्जा

शाळेतून रिटायर झाले आणि दोन महिन्यांत घर मला खायला उठलं. उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये बसून टीव्हीवर तरी किती चिडणार? तेवढ्यात कळलं, काही मंडळी दर रविवारी जुन्या शहरात फिरून जुन्या घरांची यादी करतायत. गेले. बँकेतले एक निवृत्त साहेब, चित्रकलेचे एक सर, माझ्यासारख्याच दोघी-तिघी बाया. पगार-बिगार काही नाही, चहासुद्धा ज्याचा त्यानं प्यायचा. लई बरं वाटलं मला त्या माणसांत.

एकेक गल्ली घ्यायची, जुनी कमान नाहीतर नक्षीचं दार असलेली घरं निवडायची आणि वहीत टिपायची, एवढंच काम. पण पुढच्या रविवारी फोटो काढायला गेलं की वहीतलं घर नेमकं कुठलं यावरून आमची जुंपायची. सगळेच शहाणे ना! शेवटी मी वैतागून म्हटलं, भिंतीवरच नंबर टाकू या. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं माझं अक्षर, त्यामुळं ब्रश माझ्याच हातात आला. रंगही मीच आणला. चुन्याच्या भिंतीवर उठून दिसावा म्हणून लाल, आणि पुसला जाऊ नये म्हणून ऑइलपेंट. जपायच्या भिंतीवर ऑइलपेंट! आज आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

थंडीचे दिवस होते. सकाळी सातला सगळी दारं बंद. रविवारची लोकांची झोपमोड कशाला, आणि आपण तर त्यांच्या भल्याचंच करतोय, असं म्हणत आम्ही एकही दार वाजवलं नाही. एकोणीस नंबर ज्या घराला दिला, त्याच्यासारखं दुसरं घर त्या गल्लीत नव्हतं. वरच्या मजल्यावर घराच्या रुंदीचा सागवानी सज्जा, कठड्यावर कोरलेली वेल. चित्रकलेचे सर तर मान वर करून उभेच राहिले. मी दाराशेजारी आकडा काढला, त्याभोवती नीट गोल केला आणि घरी येऊन आरामात पोहे खाल्ले.

पुढच्या रविवारी फोटोसाठी जरा उशिरा गल्लीत शिरलो, तर ऊन थेट जमिनीपर्यंत आलेलं. सज्जा नव्हता. खाली ओट्यावर खांब, कठडे, फळ्या रचून ठेवल्या होत्या आणि घरमालक चाचा एकेका तुकड्यावरची धूळ फडक्यानं पुसत बसले होते. सत्तरीचे, बारीक अंगाचे, घरीच पुस्तकं बांधून देणारे गृहस्थ. त्यांनी आम्हाला बघितलं, माझ्या हातातली वही बघितली आणि अदबीनं उठून उभे राहिले.

"बाई, इत्ता बस है क्या? या अउर पीछे लेना पड़ता?"

मला आधी काही समजलंच नाही. समजलं ते दाराशेजारच्या माझ्याच लाल आकड्याकडं नजर गेली तेव्हा. मागच्याच वर्षी पलीकडचा रस्ता रुंद केला होता. तिथंही आधी भिंतींवर लाल खुणा आल्या, मग मशीन आलं. मशीननं पाडलं की लाकडाचा भुगा होतो, आपल्या हातानं उतरवलं तर निदान लाकूड वाचतं, हे त्या मोहल्ल्यात पोराटोरांना माहीत होतं. मीही पेपरात वाचलं होतं. ब्रश हातात असताना डोक्यात आलं नाही, एवढंच.

सज्जा चाचांच्या आजोबांनी बसवलेला. उतरवायला दोन सुतार चार दिवस खपले होते. त्यातला एक तिथंच होता. परत बसवता येईल का, असं सरांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, नाय, तुळया भिंतीपाशीच कापाव्या लागल्या, आता ही भिंत वजन घ्यायची नाय.

बँकेतल्या साहेबांनी मला बाजूला ओढलं. म्हणाले, गप्प राहा, चाचांना काय समजायचं ते समजू द्या, उगाच आपलं नाव खराब होईल. मी अशी भडकले! तुम्हाला जायचं तर जा, असं तिथंच सुनावलं. आणि चाचांपुढं जाऊन उभी राहिले.

"चाचा, रस्ता-बिस्ता काही होत नाही. तो आकडा मी काढला. तुमचा सज्जा जपायचा होता आम्हाला."

आतून सुनेनं पडदा सारला. तिच्या मागं बांधलेली गाठोडी दिसत होती. राहू दे आता, अशी चाचांनी तिला हातानंच खूण केली. मला वाटलं, आता शिव्या पडतील. पडायलाच हव्या होत्या. पण ते खाली बसले, फडक्याची घडी करून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडं बघून हळू म्हणाले,

"एक बार दरवाजा बजा लेते ना, बाई. घर में लोगां थे."