अलार्मवरची टोपी

तुमच्या लाकडाच्या शेगडीचं धुराडं शेवटचं कधी साफ झालं? काल शेजारून कडवट धूर आला आणि परदेशात शिकत असतानाचं वेरिबी गावातलं आमचं भाड्याचं घर आठवलं.

तिथे एका दुपारी मी युनिमधून आले, तर तुंबलेल्या धुराड्याचा धूर हॉलमध्ये कोंडला होता आणि नाइट शिफ्टवरून आलेली रूममेट प्राची सोफ्यावर निपचित पडली होती. स्मोक अलार्म गप्प होता, कारण फोडणीला वाजतो म्हणून मीच त्यावर शॉवर कॅप चढवली होती.

अंगणात ओढत नेल्यावर ती खोकत म्हणाली, "मोर्चात हक्कांसाठी ओरडतेस, आणि धुराड्यासाठी मालकाला एक मेसेज करवला नाही तुला?"

तेव्हा मी मालकालाच शिव्या दिल्या. आज मात्र बोटांना त्या कॅपचं इलॅस्टिक आठवतं.

दर हिवाळ्याआधी धुराडं साफ करून घ्या, आणि अलार्मवरची टोपी आत्ता काढा.