छायाचित्र, परवानगीने

"इचारलं का त्याला?" कुणाच्याही प्रबंधात फोटो दिसला, की सर त्यावर बोट ठेवून विचारायचे. आम्ही फोटोखाली ‘सौजन्य : गुगल’ लिहून मोकळे होणारे. सर चष्मा कपाळावर चढवत. "गुगलनं काढला का फोटो? कॅमेरा घिऊन आलता का त्यो किनवटला?"

औशाच्या शाळेत मराठी शिकवणारे हे सर पन्नाशीत नांदेडला पीएच.डी. करत होते, आमच्याच गाईडकडे. विषय गोंदणाचा. रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबणारा असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

सरांच्या प्रबंधाचा जीव एका फोटोत होता. कोपरापर्यंत गोंदलेला एका बाईचा हात, जुन्या स्मरणिकेत छापलेला. फोटोग्राफर हिमायतनगरचा, पण स्टुडिओ बंद करून तो कुठं गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. गाईड म्हणाले, अभ्यासासाठी नाव देऊन वापरलं तर कायद्याला चालतं.

सर म्हणाले, "हाव, चालतंय की. पर प्रबंध नेटवर जाणार, समदं जग बघणार. इचारल्यालं बरं."

"अहो, पीएच.डी. करायचीय की माणूस हुडकायचाय?" गाईड वैतागले. मुदत संपली, वाढवून घेतली, तीही संपत आली. पदवी हातची जाणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. शेवटी फोटोग्राफर लातुरात मुलीकडे सापडला. त्यानं आनंदानं होकार दिला, वर चहा पाजला. हात इस्लापूरच्या गिरजाबाईंचा, हेही सांगितलं.

"माझ्या प्रबंधात कुणाचं काई न इचारता घेतल्यालं न्हाई," सर छाती काढून सांगायचे. आम्ही यथेच्छ टिंगल करायचो, पण ते खरंच होतं.

पदवी मिळाल्यावर सर गिरजाबाईंना प्रबंध दाखवायला निघाले, मीही सोबत गेले. ओसरीवर बसून त्यांनी फोटोखालची ओळ वाचून दाखवली. फोटोग्राफरचं नाव, गाव, ‘परवानगीने’.

म्हातारीनं फोटोशेजारी आपला हात ठेवून पाहिला. "हे फोटोवाल्याचं झालं, मास्तर. अन् हात कुणाचा हाय?"

परतीच्या बसमध्ये नांदेड येईपर्यंत सर मांडीवर प्रबंध उघडून तेच पान बघत होते. मला हसू येत होतं आणि फार वाईटही वाटत होतं.

आता निवृत्त होऊन ते औशालाच असतात, इकडे फिरकत नाहीत. परवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांचा प्रबंध उघडला. इथं पुस्तकात पेन्सिलीची रेघ ओढली तरी दंड होतो. त्या फोटोखाली निळ्या पेनानं, फळ्यावर लिहावं तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘हात : गिरजाबाई, इस्लापूर’.