आठव्या खुर्चीची गाठ

माझ्या शिलाई मशीनच्या खणाची मूठ एका सकाळी गायब झाली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की आता या घरात काहीही जागेवर राहणार नाही. मूठ वन्सांच्या हातात होती.

"ही मूठ नाही, रेडिओचं बटण आहे," त्या म्हणाल्या. "कारखान्यातून मीच आणलं होतं. परत घेतलं."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच असतात. गावातला रेडिओचा कारखाना बंद होईपर्यंत चौदा वर्षं त्या तिथे आठव्या खुर्चीवर बसल्या. काम एकच, दोरा ओवायचा. आपण बटण फिरवतो तेव्हा काट्याला स्टेशनापर्यंत ओढून नेतो, तो आतला दोरा. चक्रीच्या स्प्रिंगला एक टोक बांधायचं, कप्प्यांवरून फिरवून आणायचं आणि दुसरं टोकही तिथेच बांधायचं. त्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं त्या म्हणतात. वन्सं एकदा म्हणाल्या की म्हणाल्या.

कारखान्याच्या जागी आता वाचनालय आहे. तिथल्या एका भिंतीवर कारखान्याचा इतिहास लावला. मालक, मॅनेजर, इंजिनिअर, सगळे फोटोत टाय लावून. दोरा ओवणाऱ्या बावीस जणींचं नाव तर सोडाच, साधा उल्लेखही नाही! वन्सं तडक ग्रंथपालाकडे गेल्या.

"आजी, पुरावा काय?" तो म्हणाला. "तुम्ही करायचात त्या मॉडेलचा एकही सेट गावात उरलेला नाही. तसाच रेडिओ करून आणा, बावीसच्या बावीस नावं लावतो. पण माल त्या काळचाच हवा. नवीन जोड दिसली तर चालणार नाही."

आजी म्हटल्याचा राग वेगळाच. घरी आल्या त्या फणफणतच.

मग चार महिने नुसतं जिवाचं रान. कारखाना बंद होताना ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं घरी नेलं होतं. लाकडी खोकं सुतारकाकांकडे निघालं, त्यात त्यांची कोंबडी अंडी घालायची. वन्सांनी कोंबडीला नवी टोपली नेऊन दिली आणि खोकं उचललं. घासलं कोणी? मी! तीन दिवस! स्टेशनांची नावं छापलेली काच जुन्या वॉचमननं बायकोच्या फोटोवर बसवली होती. ती काढून देताना म्हातारा हसला. "बरं झालं, आता ती मला नीट दिसेल." स्पीकरवरच्या जाळीच्या कापडाचा कुणीतरी उशीला अभ्रा केला होता. सांगाडा आणि व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्तीवाल्या दादानं भंगारातून शोधून जुळवले आणि वाजवूनही दाखवले.

राहिला फक्त दोरा.

"नायलॉनचा नाही का चालणार?" मी विचारलं आणि पस्तावले.

"नायलॉन ढिला पडतो! काटा एकीकडे, गाणं भलतीकडे! आमचा लिननचा होता, मेण लावलेला."

तसलं शेवटचं रीळ कुणाकडे आहे हे अख्ख्या गावाला माहीत होतं. सातव्या खुर्चीवरच्या बाईकडे. तिला सगळे कात्री म्हणायचे, कारण ती हातातही असायची आणि तोंडातही. कारखान्याच्या शेवटच्या दिवशी ती सगळ्यांदेखत वन्सांना म्हणाली होती, "हिची गाठ सुटते." चाळीस वर्षं झाली, दोघींमधून विस्तव जात नाही.

"मेले तरी तिच्या दारात जाणार नाही," वन्सं म्हणाल्या. दोन दिवस धड जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून उभ्या.

"चल. रेडिओ तू उचल, माझा खांदा दुखतो."

कात्रीनं दार उघडलं, वन्सांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि न विचारताच बटणांच्या डब्यातून रीळ काढलं.

"माझ्यासमोर ओव. गाठ सुटली तर रीळ परत डब्यात."

वन्सं बसल्या. पहिली गाठ मारली आणि दोरा कप्प्यांवरून असा पळाला, की मी तोंडात बोटच घातलं. सांधेदुखीनं वाकडी झालेली ती बोटं, सकाळी त्यांना चहाचा कपही नीट धरवत नाही! पण दुसरं टोक बांधताना स्प्रिंग एका हातानं ताणून धरावी लागते. अंगठा थरथरला, स्प्रिंग निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. वन्सांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता ही बाई हसली तर हिचं काही खरं नाही, असं मी मनात ठरवून टाकलं.

कात्री हसली नाही. चष्मा चढवून शेजारी बसली. "दोन्ही हातांनी धर," ती खेकसली. वन्सांनी स्प्रिंग धरली, कात्रीनं गाठ मारली. मग वन्सांनी बटण फिरवलं. काटा काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर गेला आणि तस्साच परत आला. आम्ही निघालो, तशा कात्रीनंही चपला घातल्या.

वाचनालयात ग्रंथपालानं बॅटरीचा झोत टाकून टाकून खोकं तपासलं, नख लावून कापड पाहिलं. काही सापडेना. वन्सांनी बटण फिरवलं. काटा स्टेशनाच्या नावावर थांबला आणि अख्ख्या वाचनालयात गाणं घुमलं. पेपर वाचणारे उठून उभे राहिले. मला तर नाचावंसं वाटलं!

"मानलं तुम्हाला," ग्रंथपाल म्हणाला. त्यानं रेडिओ फोटोंखाली ठेवला. वन्सांनी तो लगेच फिरवला, पाठ लोकांकडे.

"अहो, उलटा झाला!"

"सुलटाच आहे. आम्ही या बाजूला बसायचो. मागचं झाकण लावायचं नाही, गाठी दिसल्या पाहिजेत."

त्यानं वही काढली. "सांगा नावं."

वन्सं अजून रेडिओची जागा नीट करत होत्या. तेव्हा कात्री पुढे झाली आणि खुर्च्यांच्या ओळीनं खडाखडा नावं सांगत गेली. सातवं तिचं स्वतःचं. मग ती थांबली, वन्सांकडे वळली आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलं, पूर्ण नाव.

"लिहा," ती ग्रंथपालाला म्हणाली. "आठवी खुर्ची. हिची गाठ कधी सुटली नाही."