तात्याचा जीव कशाकशात होता

त्या दिवशी नंदाकाकूनं शेपूची भाजी केल्ती. दोन ताटं वाढली अन् म्हनली, "आज तरी माझ्यासंगं बसून जेवा."

भुजंगतात्यानं उभ्या उभ्याच भाकर हातावर घेतली. "नंदे, जल्दी हाये गं. बजरंगलाल शेठ साफा बांधायला शिकवनार हाये. राजस्थानी! नऊ मीटर कापड डोक्यावर."

"डोक्यात काय कमी भरलंय, आता वरून बी?"

तात्या हसत हसत वडीगोद्रीला गेला.

असाच होता आमचा तात्या. शेती करून कबुतरं पाळली, मोसंबीची कलमं बांधायला शिकला, भजनात पेटी वाजवली. मंग पंक्चर काढायला बी शिकला, घरी सायकल नसताना. कुनाचं बी लग्न असो, दारातली रांगोळी तात्याची. लोक म्हनायचे, सुखी मानूस बघायचा तर भुजंगला बघा. काकू म्हनायची, "मी कबूतर असते तं मला बी दोन दाने टाकले असते यांनी."

दुपारी शेठच्या गादीवर बसल्या बसल्या तात्या कलंडला तो उठलाच न्हाई. घरी आनला तवा अर्धा साफा डोक्याला तसाच. शेठ रडत म्हनला, "भाभी, हसते हसते गये." काकूनं साफा सोडला, घडी घालून शेठच्या हातात दिला.

दहाव्याला टेम्पो करून शहागडला गेलो, गोदाकाठी पिंड ठिवला. मेलेल्याचा जीव कशात अडकला असंल तर कावळा शिवत न्हाई, वचन द्यावं लागतं. तात्याचे नाद बघता सगळ्याला वाटलं, आता इथंच दिवस मावळतो. धाकटा दीर भारत हात जोडून तयारच व्हता, कबुतरं मी सांभाळतो म्हनायला. काकूनं बी एक बोलनं मनात धरून ठिवल्तं. सगळ्याचं झालं की शेवटी म्हनायचं, माझी काळजी करू नका, मी राहीन बराबर.

भटजी बाजूला सरले न सरले, तं कावळा आला अन् घास घिऊन उडाला. कुनाला तोंड उघडायला बी सवड न्हाई.

"बघ वैनी," भारत डोळे पुसत म्हनला, "दादा बिलकुल मोकळा गेला. कशातच जीव अडकला नव्हता."

"व्हय," काकू म्हनली. "माझ्यात बी न्हाई."

बाया हातपाय धुवायला नदीत उतरल्या. काकू एकटीच टेम्पोत जाऊन बसली. बायांनी हाका मारल्या, ती उतरली न्हाई.